फळी वाजवून पाहताना

नारळी पुनवेआधी मालक होडीखाली शिरतो
आणि बोटाच्या पेरांनी फळीन् फळी वाजवतो.
टणक आवाज आला की पुढची.
बद्द आला की थांबतो, खडूची फुली मारतो.
रंग वरून चांगला असतो, कीड आत असते,
हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं.
माझ्या आईने मला शिकवलं:
तिथलं काही बोलायचं नाही.

बेचाळीस वर्षं मला कोणी वाजवून पाहिलं नव्हतं.
तीन बाळंतपणं झाली,
पण तेव्हा सगळे बाळाला बघत होते.

पडेलच्या आरोग्य केंद्रात, हिरव्या पडद्यामागे,
चिंदरकर सिस्टरने बोळ्याने व्हिनेगर लावलं.
चायनीजच्या गाडीवर असतं, तसलंच.
"एक मिनिट पडान रव."
मी छतावरच्या पाली मोजल्या. एकच होती.
मग ती म्हणाली, "पांढरा दिसता.
कॅन्सर नाय. होवचो नाय म्हणान तर बघतंव."

आते आठवली.
रक्त जायचं, वास यायचा, अंथरूण पडवीत टाकलेलं.
देवळात गाऱ्हाणं घातलं. कोणी म्हणालं बाहेरचं,
कोणी म्हणालं करणी.
दुखण्याला नाव होतं. ते घेतलं नाही कोणी.

विषाणू म्हणजे, सिस्टर म्हणाली,
चामखिळीचे भाऊबंद. शेकड्यांनी कुळी त्यांच्या.
भाऊबंद म्हटल्यावर पुढचं समजावावं लागलं नाही.
येतात बहुतेक सगळ्यांकडेच.
बरेचसे वर्ष-दोन वर्षांत आपणहून निघून जातात.
एखादा राहतो. पंधरा पंधरा वर्षं गप्प,
वाढलं ते जेवतो,
आणि एका रात्री बांध सरकवतो.

"खयसून इलो?" मालकाने विचारलं,
जाळं शिवता शिवता, मान वर न करता.
मलाही तेच विचारायचं होतं.
तो सहा सहा महिने वेरावळच्या ट्रॉलरवर असायचा.
मी इथे होते. लोक मला मोजतात, त्याला नाही.
सिस्टर हातमोजा काढत म्हणाली होती,
"कधी, कोणाकडसून, ह्या खयचाच मशीन सांगणा नाय.
लग्नाआदलो पण आसात."
मी त्याला तेवढंच सांगितलं.
सुई जरा थांबली. "हूं," म्हणाला.
त्या 'हूं'ची शिवण मी अजून उसवलेली नाही.

देवगडला तो डाग थंडीने जाळतात.
थंडीने जाळतात म्हटल्यावर बाकावरची बाई हसली.
मी वीस वर्षं बांगड्यांवर बर्फ फोडते,
बर्फ कसा भाजतो ते माझ्या बोटांना विचारा.
पाळीतल्यासारखी एक कळ. मग तीन आठवडे पाणी जात राहिलं.
महिनाभर मालक ओट्यावर झोपला.
कोणी विचारलं तर "उकडता" म्हणायचा.
पौषात.

धाकटीला तेरावं लागलं, दंडावर लस दिली.
कशाची, तिने विचारलं.
मी चुलीकडे बघून सांगायला लागले,
मग वळले, तिच्याकडे बघून सांगितलं.
'गर्भाशया'ला अडखळले.
'गर्भाशयाचं तोंड' म्हटल्यावर ती हसली, मग हसली नाही.
"झिलग्यांका होणा नाय?"
होतं की. घशाला, आणि आणखी कुठे कुठे.
"मगे तेंका कित्याक नाय?"
उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गुरुवारच्या रिक्षात मी हमिदाची जागा धरलीय.
दोन वर्षं तिला मध्येच रक्त जातं,
उष्णता म्हणते, कोकम पिते.
"बघतला कोण? बायल की बापयो?"
बायल, म्हटलं. चिंदरकर सिस्टर.
"बघतंय," म्हणाली.
आमच्याकडे 'बघतंय' म्हणजे नाही.

तरी गुरुवारी नऊ वाजता
रिक्षा तिच्या बेड्याशी उभी करणार,
आणि ती पायरी उतरेपर्यंत
हॉर्न वाजवत राहा म्हणून सांगणार.