भाव एकच निवडावा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर
आमचं ऑफिस. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना.
त्याच्या यंत्राची घरघर जमिनीतून येते, खुर्चीतून चढते,
हेडफोन घातला तरी कानात बसून राहते.
पहिला आठवडाभर मी नोंदींत लिहीत होते:
पार्श्वभूमीला मंद तानपुरा.
मढवी सरांनी बोलावून विचारलं,
"गोऱ्यांच्या बँडात तानपुरा कुणी नेला, बाई?"
तेव्हापासून ती घरघर मी ऐकतच नाही.

काम सोपं. तीस सेकंद ऐकायचं,
मग चार ओळी: आवाज कसा, वाद्यं कोणती,
लय चालती की धावती. शेवटी भाव.
भावाचे सात पर्याय दिलेत,
त्यातला एकच निवडावा.
नगाला चार रुपये.

सनई, जराशी नाकातली. संबळाचं थोरलं भांडं
उतरलेलं, कुणी शेकायला नेलेलं नाही.
मंगल असा पर्याय नाही. आनंदी.

कुठल्याशा थंड देशातला चेलो:
म्हातारा माणूस अंधारात जिना उतरतोय,
प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपून.
उदास लिहिलं. पण तो पडला नाही,
खाली पोचला, हे कुठे लिहायचं?

इलेक्ट्रिक गिटार. पत्र्यावरून ओढलेली खुर्ची,
पण सुरात.

सोसायटीचं स्नेहसंमेलन, कॅसिओ.
गाणं संपलं तरी ठेका थांबेना,
वाजवणाऱ्याला बटण सापडत नाहीये.
अकरा सेकंद ढाक्-चिक्, ढाक्-चिक्,
मग कुणीतरी प्लग काढला.
भाव: उत्साही.
(खरा भाव: मानेवरून पाठीत उतरणारा घाम.)

शेजारी बसणारा निरंजन दुप्पट वेगानं ऐकतो.
त्याच्या कानात मारवासुद्धा
बस पकडायला निघतो.
दिवसाला दोनशे नग. नवी बाइक घेतली त्यानं.

मंगळवारी घणसोलीची एक कॅसेट आली,
डबीवर बॉलपेननं नुसतं "वैजूची हळद".
एक बाई धवला म्हणतेय. आवाज
सुपातल्या तांदळासारखा, काठापर्यंत उसळतो
आणि सांडायच्या आत मागे फिरतो.
बाकीच्या दोघी-तिघी तिचा शेवटचा शब्द उचलतात,
थोड्या उशिरा, थोड्या वर.
बांगड्या. पाणी मागणारं मूल.
"गप रं, टेप चालू हाय."

लिहिलं: स्त्रियांचा समूहस्वर. वाद्यं नाहीत.
भावापाशी अडले.
लग्नघर आहे, पण आनंदी म्हणवेना;
कुणी रडत नाहीये, तेव्हा उदासही नाही.
रकाना रिकामा सोडला तर यंत्र नोंद घेत नाही,
लाल होतं.

मढवी सर आले, माझा हेडफोन कानाला लावला,
एकच बाजू, उभ्या उभ्या.
तीस सेकंद झाली. साठ झाली.
पूर्ण चार मिनिटं ऐकलं त्यांनी,
निरंजननं तेवढ्यात तीन नग उरकले.
मग स्क्रीनवर बोट ठेवलं, "वाद्यं नाहीत" वर.
"जातं हाय ना मागं," म्हणाले. एरवी ते
ऑफिसात असं बोलत नाहीत. "हलद दलतान."

मी म्हटलं, सर, ती खालच्या यंत्राची घरघर.
ते काही बोलले नाहीत. पाणी प्यायला गेले.

एक वाजता कारखान्याचा भोंगा झाला.
खालचं यंत्र दमत दमत थांबलं,
टेबलावरच्या चहातली थरथर थांबली.
सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले.
मी कॅसेट मागे घेतली, डोळे मिटले.

घरघर चालूच होती.
मधे हात बदलताना जरा अडखळे,
मूठभर हळकुंडं पडली की जड होई,
मग पुन्हा फिरे. आणि बाई
त्या फेऱ्यावरच श्वास घेत होती.

वाद्यं: जातं, असं लिहिलं.
भाव अजून लाल आहे.