ळ

केसनंद फाट्यावर ती उतरली तेव्हा
पाठीवर स्वतःएवढीच मोठी सॅक
आणि हातात माझ्या नावाचा कागद, स्पेलिंग चुकलेला.
ओर्ला. आयर्लंडची. सहा आठवड्यांसाठी.
म्हटलं, खाणीपर्यंत वीस मिनिटं चालायचंय.
ती म्हणाली, 'चला.'
तेवढा एकच शब्द विमानात पाठ केला होता.

आमची शाळा म्हणजे पत्र्याचं खोकं.
ऊन चढलं की भाकरी भाजेल इतकं तापतं.
क्रशर सुरू झाला की पाढे ओरडून म्हणायचे,
आणि तो थांबला तरी पोरं ओरडतच राहतात
दोनचार मिनिटं, सवयीनं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, 'शाला.'
वडारांची पोरं फिस्सकन हसली.
'फला. काला. वेल झाली.'
वेल म्हटल्यावर अंबव्वा तिला हाताला धरून
मागचा भोपळ्याचा वेल दाखवायला घेऊन गेली.

दुर्गाप्पा कधी बोलायचा नाही.
तीन महिने हजेरीला नुसता हात वर.
घरी वडारी, खाणीवर हिंदी, माझ्याकडे मराठी;
तिन्हींवर पाणी सोडून तो गप्प झाला होता.
तो उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला,
आ केला, आणि बोट घालून दाखवलं
जीभ कुठं वळवायची ते:
वर, मागं, कपारीत पहार सारतात तशी.
'ळ,' तो म्हणाला.
त्याचा आवाज इतका घोगरा असेल असं वाटलं नव्हतं.

मग रोज मधल्या सुट्टीत तिची शिकवणी.
चुकलं की पाच उठाबशा.
तीही काढायची, कान धरून, लालबुंद होऊन.
मी तिला सांगितलं, या अक्षरानं
आमचा एकही शब्द सुरू होत नाही.
तक्त्यावरसुद्धा चित्र बाळाचं,
हा आपला शेवटी उभा.
ती म्हणाली, तिच्या पणजोबांना
घरची भाषा बोलल्याबद्दल शाळेत छडी बसायची.
मी माझी लाकडी पट्टी हळूच कपाटामागे सरकवली.
तिनं पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

एकदा कर्वे रस्त्याच्या ऑफिसात
व्हाउचरवर सही करताना तिची पावती दिसली.
इथं येऊन राबायचे पैसे तिनंच भरलेले,
माझ्या दोन वर्षांच्या मानधनाहून जास्त.
राग आला. कोणावर काढायचा ते
खराडीपर्यंत उभ्यानं आले तरी ठरेना.
दुसऱ्या दिवशी बघते तर ती फळा पुसतेय
स्वतःच्या ओढणीनं, डस्टर सापडेना म्हणून.

गेली. रंगपेट्या ठेवून, रडून,
पोरांच्या वह्यांत पत्ता लिहून.
दिवाळीनंतर खाण बंद पडली.
खड्ड्यात पाणी साठलं,
आता काठावर फलक आहे: लेक व्ह्यू, टू बीएचके.
नऊ कुटुंबं एका रात्रीत ट्रकमध्ये बसली.
कोणी म्हणतं चाकण, कोणी म्हणतं थेट विजापूर.
दुर्गाप्पाच्या नावापुढं महिनाभर 'गै' लिहिला.
मग नवीन रजिस्टर आलं.

आमचं खोकं क्रेननं उचलून
टॉवरच्या मजुरांच्या छावणीत ठेवलंय.
इथली पोरं बिहारकडची.
शाळेला 'साला' म्हणतात आणि स्वतःच जीभ चावतात.

काल तिचा आवाज आला फोनवर, रेकॉर्ड केलेला.
मागे कुठंतरी कुत्रं भुंकतंय.
'बाई. शाळा. फळा. काळा. वेळ.'
एकेक नीट, टाळूला लागून.
जरा थांबून: 'दुर्गाप्पाला ऐकवा.'

तीनदा ऐकला.
मग फोन फळ्याखाली ठेवला, आवाज मोठा केला,
नव्या पोरांसमोर उकिडवी बसले
आणि आ केला.

तिला अजून काही कळवलेलं नाही.