पाण्याआधी हवा

शनिवारी दोन वाजता
मानखुर्दच्या महापालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
चित्रकलेच्या वर्गाचं कुलूप मी उघडतो.
बाकांवर जुना फ्लेक्स अंथरतो, उलटा,
म्हणजे वाढदिवसाचे साहेब खाली
आणि सोल्डरचे थेंब वर.

मी शिक्षक नव्हे.
विक्रोळीच्या एका कारखान्यात
एकतीस वर्षं टूलरूमला होतो.
डाव्या तर्जनीचं एक पेर तिथेच राहिलं.
पहिल्या दिवशी मुलांना उरलेलं बोट दाखवतो.
सुरक्षिततेचा धडा तेवढाच.

संस्थेच्या बाईंनी फॉर्म दिलेत.
नाव, इयत्ता, पालकांचा व्यवसाय,
आणि तळाशी एक रकाना : मोठेपणी कोण व्हायचंय?
डॅरिलने पायलट लिहिलं, खोडलं,
परत पायलट लिहिलं.
शमशाद म्हणाला, दोन लिहिले तर चालतील?
प्रज्वला साळवेने रकाना कोरा सोडला
आणि मलाच विचारलं,
'सर, नळ खोकतो ते तुम्ही ऐकलंय?'

तिच्या इमारतीत पाणी पहाटे सोडतात.
कधी चारला, कधी पावणेपाचला,
कधी विसरतात.
आई तीनपासून मोरीच्या उंबऱ्यावर, भिंतीला टेकून,
आणि सहाला चेंबूरला, चार घरची भांडी.
'पण पाण्याआधी हवा येते, सर.
आधी फुसफुस, मग खोकला, मग पाणी.
मला झोपेतही कळतं ते.
मशीनला कळेल?'

मला ठाऊक नव्हतं.
दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगबरहुकूम
मी जन्मभर लोखंड कापलं,
केसभर इकडे नाही की तिकडे.
काय कापायचं,
हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

फुग्याचं रबर लावलं. तिसऱ्या दिवशी चिरलं.
जुन्या मोबाइलचा माइक लावला,
तर शेजारणीचा मिक्सरही त्याला पाणी वाटला
आणि रात्री साडेदहाला अख्खा मजला
बादल्या घेऊन बाहेर.
मग वेफरच्या पाकिटाचा चंदेरी पापुद्रा,
दोन टाचण्या, नऊ व्होल्टची बॅटरी,
लॅमिंग्टन रोडचा बझर,
बारा सांगितला, दहाला दिला.
चित्रकलेच्या वर्गात नळ नाही,
म्हणून तिने नळीत तोंडाने फुंकलं.
पापुद्रा हलला, टाचणीला टेकला.
ट्यां.
मग फुंकायला रांग लागली.
डॅरिल दोनदा घुसला.

प्रदर्शनात टाय लावलेल्या परीक्षकांनी विचारलं,
'याचं मार्केट काय?'
ती म्हणाली, 'स्टेशनबाहेर आहे ना, सर,
पण तिथे पार्ट मिळत नाहीत.'
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
बक्षीस ड्रोनला गेलं.

डबी आता नळाला बांधलेली आहे, लाल दोऱ्याने.
आई अजून तीनला उठते.
डबी जागी आहे ना, ते बघते.
'आता दोघी जागतात,' प्रज्वला चिडून सांगते.
परवा मात्र म्हणाली,
ट्यां झालं तेव्हा आई घोरत होती, सर.
मी उठवलं नाही.
मीच भरलं.

आज बाई फॉर्म न्यायला येणार.
एक रकाना कोरा गेला तर अहवालाला चालत नाही म्हणतात.
मी पेन्सिल काढली,
'इंजि' एवढं लिहिलं,
आणि खोडरबर शोधू लागलो.
तेवढ्यात ती समोर आली,
कपाटातला माझा व्हर्नियर घेऊन,
जो मी कुणाच्या हाती देत नाही.
'डावा हात पुढे करा.'
केला.
तिने तुटक्या तर्जनीभोवती जबडे अलगद मिटले,
वाकून आकडा वाचला,
तळहातावर पेनने लिहिला,
मग उजव्या तर्जनीचं माप घेतलं, पेरापेराचं.

'काय करतेयस?'

'हलू नका ना, सर.'