खाकी, मादी, पाच नग

कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी
मी नावं लिहिली: पेकिन. रनर. मस्कोव्ही. खाकी कॅम्पबेल.
आणि खाली 'गावठी', कुणी सुचवलं नव्हतं तरी,
यादीत एक ओळखीचं असावं म्हणून.

विहितगावात घर आमचं लहान,
पण मागे पेरू आहे, पेरूखाली सिमेंटचा हौद.
मुलगी त्यात पोहायला शिकली, असं ती अजून सांगते
(पाणी कमरेएवढं होतं).
आता त्यात शेवाळ, आणि कडेकडेने गोगलगायी,
माझ्या अळूची चाळणी करणाऱ्या.

पेकिन पांढरंशुभ्र.
आपल्या काळ्या मातीत दोन दिवसांत
शनिवारच्या गणवेशासारखं होणार.
शिवाय ते मांसासाठी बरं, असं कळलं.
मी विचारलं, कापणार कोण?
ह्यांनी चष्मा पुसला.
पेकिनवर काट.

रनर बदक उभं चालतं,
बँकेच्या रांगेत पुढे काय चाललंय बघणाऱ्या माणसासारखं.
गोगलगायी एक ठेवत नाही म्हणे.
पण भित्रं. कुत्रं भुंकलं की सगळी एका कोपऱ्यात ढीग.
कुणाची तरी समजूत काढत बसणं
माझ्याच्याने आता होत नाही.

मस्कोव्ही ही कोठुळे वहिनींची पसंती.
कुंपणावरून म्हणाल्या, तेच घ्या बाई,
त्याला आवाज नसतो, नुसतं फुसफुसतं,
आमचा तुषार बारावीला आहे.
मी मस्कोव्हीपुढे खूण केली.
शेजारधर्म. पण पेन्सिलीने.

रविवारी चांदोरीला गेलो.
पगारेबाईंचा खुराडा गंगेच्या बाजूला,
जाळीला जुन्या साडीचा आडोसा.
हे सोबत आले होते, म्हणजे पिशवी धरायला.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये, मशीनच्या पोटाशी.
मशीन तिथेच राहिलं, कान घेऊन.
आता कुकरची शिट्टी नाही, दारावरची बेल नाही,
फोनवर नात बोलते तेव्हा हे नुसतं हसतात, अंदाजाने.
कानातलं यंत्र डबीत आहे,
माझ्या नथीशेजारी. दोन्ही सणावाराला.

मस्कोव्ही बघितलं. लाल चामखिळींचं तोंड,
माझ्याकडे बघून खरंच फुसफुसलं.
मी भाव विचारायला तोंड उघडलं
तेवढ्यात बाईंनी पलीकडची जाळी उघडली
आणि जुन्या पोत्याच्या रंगाच्या त्या सगळ्या
एकमेकींच्या अंगावर पडत बाहेर,
आणि काय तो गलका!
मासळीबाजारात सुट्टे पैसे कमी निघावेत तसा.

ह्यांची पाठ होती आमच्याकडे. नदी बघत होते.
ते वळले.

"कोण?" म्हणाले.
मी ओठ मोठे करून म्हटलं, बदक.
"ते कळलं गं. कुठलं?"

पगारेबाई म्हणाल्या, ओरडते ती मादी,
नराचा घसा जन्मापासून बसलेला.
मग नर नकोच, मी म्हटलं. पाच माद्या द्या.
अंडी उबवायची नाहीत? नाही. नुसत्या द्या.
त्यांनी पावती केली, पाठकोऱ्या कागदावर.
मी गोगलगायींबद्दल विचारायचं विसरले.

पहाटे साडेपाचला त्या सुरू होतात.
पहिली सहा अंडी कोठुळ्यांकडे गेली,
वहिनींनी ती घेतली, बोलल्या मात्र नाहीत.
तुषार म्हणतो, गजर लावावा लागत नाही.
हे माझ्या आधी उठतात,
कालचा भात घेऊन मागे जातात,
एकेकीला वेगवेगळं ऐकतात म्हणे:
लंगडीचा खालचा, धाकटीचा फाटका.

मी ओट्यापाशी दोनदा विचारते, चहा टाकू का?
ती पट्टी मला अजून सापडलेली नाही.

काल भांडी घासताना, कुणी नाही असं बघून
मी एकदा ओरडून पाहिलं, तस्संच,
पोटातून.

परसातून पाचही जणींनी उत्तर दिलं.
आणि हे दारात येऊन म्हणाले,
"भुकेल्या दिसतात.
एक जास्तच."