तुरट

बाटली मी तीन स्वेटरांत गुंडाळून आणली होती,
मोंतेविदेओहून, बॅगेच्या मधोमध.
फिर्मँ कापदव्हिएलने ती हातात तोलली,
लेबल वाचलं नाही, बूड पाहिलं.
म्हणाला, काच जड असली की माल हलका.

बाहेर ऑक्टोबर.
मादिराँच्या उतारावर तोडणी संपून चार दिवस झालेले,
पानं अजून वेलींवर, गंजल्या पत्र्याच्या रंगाची.
दूर पिरेनीजचं पहिलं बर्फ इतकं स्वच्छ दिसत होतं
की उद्या पाऊस नक्की.
माझ्याकडे आत्ता डोळे फुटतायत,
कानेलोनेसच्या काळ्या चिकणमातीत,
समुद्राच्या वाऱ्याकडे पाठ करून.
वेल एकच, कॅलेंडरं दोन.

नावही एक नाही.
इथे ती तानात.
माझ्या आजोबांच्या तोंडी ती एक आडनाव होती,
ज्याने काड्या आणल्या त्याचं.
लहानपणी मला वाटे,
आडनावालाच चव असते.

आधी त्याची. नऊ वर्षांची.
दिव्यासमोर धरली तरी उजेड पलीकडे जाईना.
घोट जिभेवर टेकला
आणि जीभच मागे सरली.
हिरवं केळं सालीसकट चावावं
तशा हिरड्या आवळल्या, गाल आत ओढले गेले.
गोड नाही, आंबट नाही, कडूही नाही,
फक्त तुरट,
न बोलता बसलेल्या पाहुण्यासारखी.

"थांब," तो म्हणाला, "अजून दहा वर्षं.
इतर द्राक्षांत दोन-तीन बिया असतात, हिच्यात पाच.
पाच बियांचा राग निवायला वेळ लागतो."

मग माझी. दोन वर्षांची.
त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला,
खिडकीकडे बघत राहिला.
पिकलेलं आलुबुखार, थोडं चॉकलेट,
शेवटाला समुद्रावरून आल्यासारखं खारट काही.
"हिचे एवढे लाड कुणी केले?"

उन्हाने, मी म्हटलं.
बाबांचं नाव घेतलं नाही.
डॉक्टरांनी त्यांना अठरा महिने दिले होते.
त्या साली त्यांनी साली लवकर काढल्या,
सात दिवसांतच रस वेगळा केला,
शेजारचा वॉशिंग्टन एचेगोयेन कुंपणावरून ओरडला,
अरे, ही वाइन आहे की सरबत?
बाबा म्हणाले, मला पिता येईल अशी आहे.
दहा वर्षं थांबणारी माणसं
दहा वर्षं असलेली असतात.

तिसरी बाटली कत्तालिनने आणली,
फिर्मँची बायको, माहेर इरुलेगीचं.
तिथे डोंगरच इतका उभा
की तोडणाऱ्याचा एक पाय कायम वाकलेला,
लाल दगडाच्या पायऱ्या, त्यावर वेली,
वेलींवर बाराही महिने ढग.
ही ना काळी ना लाडावलेली.
पावसात राहिलेला विळा चाटावा तशी,
लोखंड, ओला पाला, मग एकदम फूल.
"याच डोंगरावरून कुणीतरी
काड्या ओल्या गोणपाटात बांधून बंदराकडे गेलं,"
ती म्हणाली. "निदान आमच्याकडे असं सांगतात.
तुम्ही दोघं भांडा. मी पिते."

भांडलो नाही. जेवलो.
मी घोट, तो घोट, ती दोन घोट.
बदकाच्या चरबीचा तुकडा खाल्ल्यावर
त्याच्या वाइनने माझ्या जिभेला पहिल्यांदा नावाने हाक मारली,
हे मी त्याला सांगितलं नाही.

शेवटी वाडग्यात सुपाचा तळ उरला,
कोबीचं पान, घेवड्याचा एक दाणा.
इकडे त्यात लाल वाइन ओततात,
वाडगं दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतात.
त्याचा हात त्याच्या बाटलीकडे गेला,
टेबलावर जरा रेंगाळला,
मग त्याने माझी उचलली.
ओतली. प्यायला. मिशी पुसली नाही.
"सुपात बरी लागते," म्हणाला.

दुसऱ्यांदा ओतली
तेव्हा वाडग्यात सूप नव्हतं.