टिंबाएवढं

चायेलीच्या वर, तिसऱ्या वळणाला, चहाचं वजनकेंद्र:
पत्र्याचं छप्पर, एक काटा, एक प्रिंटर,
आणि पानांचा चीक लागू नये म्हणून
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कीबोर्ड.

सोमवारपासून काटा वजन सांगतो,
पावती मात्र येत नाही.
पडद्यावर एकच वाक्य: सभासद सापडला नाही.
सभासद समोर उभा असतो,
पाठीवर बेचाळीस किलो ओला पाला घेऊन.

दुर्सुनने प्रिंटरला दोन थापट्या दिल्या,
वायर काढली, फुंकली, परत खोचली,
मग वहीत पेन्सिलीने आकडे मांडायला घेतले.
दुर्सुन म्हणजे ‘राहू दे’. आधीची दोन राहिली नाहीत,
म्हणून ठेवलेलं नाव. आपल्याकडचा धोंडू.
त्याने फोन लावला त्राब्झोनला:
गुल्फेर, तुझं यंत्र आंधळं झालंय.

गुल्फेरच्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं.
दहादा चालवलं, दहादा चाललं.
‘माझ्याकडे तर चालतंय’
हे वाक्य तिने ओठांवरून परत गिळलं.
गेल्या वर्षी म्हणाली होती, तेव्हा दुर्सुन म्हणाला,
मग तुझाच लॅपटॉप पाठव, त्यावर चहा तोलतो.

मंगळवारी केबल बदलून झाली.
बुधवारी जुनी आवृत्ती चढवली; तीही आंधळी.
गुरुवारी ती मिनीबसने स्वतःच वर आली,
पालथ्या क्रेटवर बसली,
आणि कोडच्या दर ओळीपाशी एक खूण पेरत गेली:
इथवर आले.
इथवर आले.
इथवर आले.
पुढे काही नाही.

रात्री अडीचला, चौथा ग्लास गार झाल्यावर,
तिला तो दिसला.
तुर्कीत इ दोन: एक टिंब डोक्यावर घेऊन फिरणारा,
दुसरा बोडका.
प्रोग्राम तक्त्यावरचं मोठ्या अक्षरांतलं ‘आयडी’
लहान करून शोधत होता,
आणि हा कम्प्युटर, तुर्की व्याकरणाला जागून,
लहान करताना टिंब देत नव्हता.
बोडक्याला बोडकाच म्हणत होता.
चूक त्याची नव्हतीच.

पण गेली चार वर्षं मग कसं चाललं?
दुर्सुन जरा खाकरला.
रविवारी नातू आला होता, म्हणाला,
इंग्रजीत होतं सगळं, मला वाचता येईना,
त्याने भाषा आपली करून दिली.
गुल्फेर त्याच्याकडे बघत राहिली.
ओरडायला तोंड उघडलं, त्यातून हसू आलं,
हसूही नाही, नुसती दमलेली हवा.
‘ध’चा ‘मा’ करायला इथे कुणी कारस्थानी लागला नाही,
एक प्रेमळ नातू पुरला.

भाषा तिने आपलीच राहू दिली.
एक ओळ बदलली. एकच; तीत अकरा अक्षरं.
चार दिवस भागिले अकरा, असा हिशेब मनात करून सोडून दिला.
बटण दाबलं.
प्रिंटर आधी खोकला, मग
जिभेसारखा कागद बाहेर.
ती उभी राहून टाळ्या वाजवायला लागली,
वळणावरचं कुत्रं भुंकलं,
दुर्सुन म्हणाला, झोप आता.

सकाळी पहिली सिद्दिका आत्या.
पाला टाकला, पाठ सरळ केली, विचारलं:
काय झालं होतं?
टिंब, गुल्फेर म्हणाली. एका टिंबाची भानगड.
तिला वाटलं, आता समजावत बसावं लागणार.

आत्या म्हणाली, हां, तेच.
माझा भाऊ यिल्दिरिम ड्युइसबुर्गला गेला,
तिथे त्यांनी नावाला दोन टिंबं चढवली.
चाळीस वर्षं तो ती घेऊन खाणीत उतरला.
पेन्शनच्या वेळी विचारलं, हा माणूस तूच कशावरून?

मग पावती डोळ्यांपाशी धरली.
किलोंकडे बघितलं नाही.
स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला,
जिथे टिंब नको होतं तिथे नव्हतं, दोन्हीकडे,
आणि कागद घडी करून पोलक्यात घातला.

दुर्सुनने पेन्सिल कानामागे ठेवली.
वही मात्र उघडीच ठेवली.