पाच मार्कांचा बर्फ

पुस्तकातल्या कवितेत बर्फ पडतोय.
एक म्हातारा कंदील घेऊन घरी निघालाय,
मागची पावलं बुजत चाललीत,
आणि खाली प्रश्न :
कवीला बर्फ मुका का वाटतो? पाच मार्क.

थेल्मा मिस म्हणाल्या, डोळे मिटा,
बर्फ डोळ्यांसमोर आणा.
मी मिटले.
ससून डॉकचा क्रशर सुरू झाला.
लादी आत गेली की असा कडकडतो
की शेजारच्याला शिवी दिली तरी ऐकू जात नाही.
मिस, आमचा बर्फ फार बडबड्या आहे.
वर्ग हसला.
रात्रशाळेचा वर्ग, अकरा जण,
चौघं झोपलेले, ते हसले नाहीत.

गेल्या मार्चात इंग्रजीत एकवीस पडले.
चौदा मार्कांनी वर्ष गेलं,
परवा पुन्हा तोच पेपर.
म्हणून पाळी संपली की कारखान्यातच थांबतो,
भुशाच्या पोत्यावर,
अपेक्षित प्रश्नसंच मांडीवर घेऊन.
पानं दमटून फुगलीत,
सोळावं सतराव्याला चिकटलंय, सोडवू गेलं तर फाटतं,
त्यामुळे उपमेतून मी थेट सारांशात पडतो.

यल्लाप्पा विडी विझवून विचारतो, काय घोकतोस?
अॅलिटरेशन.
म्हणजे?
एकाच अक्षराचे शब्द लागोपाठ.
तो आढ्याकडे बघतो,
बोंबील, बांगडा, बोय.
झालो का पास?

प्रश्नसंचात उत्तर तयार आहे, चौकटीत :
बर्फ हे मृत्यूचे प्रतीक आहे.
मला पटेना.
बर्फात माल मरत नाही,
मेलेला माल थांबतो.
सुरमई थांबते दोन दिवस, गिऱ्हाईक येईस्तोवर.
द्वारकामावशी सोळा तास थांबली होती,
तिचा नंदेश मस्कतहून येईस्तोवर.
चार लाद्या मीच नेल्या हातगाडीवरून,
वर गोणपाट टाकून.
मुकादमानं पैसे घेतले नाहीत.
वहीत लिहिलं, लाद्या चार,
आणि बोटीच्या नावाच्या जागी
नुसती रेघ ओढली.
रात्रभर खाटेखालून पाणी येत राहिलं,
आम्ही आळीपाळीनं पुसत राहिलो.
कुणी काही बोललं नाही.
बर्फही नाही.

तर मी माझ्या इंग्रजीत लिहिलं :
बर्फ म्हणजे वेट.
मिसनी लाल गोल केला.
अरे, हे वजनाचं स्पेलिंग. थांबण्याचं वेगळं.
उच्चार एकच, पण यात जी-एच नको.
काय करू, काट्याच्या पाटीवर
रोज तेच अक्षर वाचतो,
हात आपोआप तिकडे वळतो.

मिसनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
तपासणाऱ्याकडे एका पेपरला किती वेळ असतो ठाऊक आहे?
चौकटीतलं लिही. चार तरी मिळतील.
मग दाराशी जाऊन वळल्या,
आणि तुझं शेवटी लिही.
वेळ उरला तर.

मृत्यूचं स्पेलिंग सोपं आहे,
पाच अक्षरं, पाच मार्क.
वीसदा लिहून काढलं,
सोळाव्यांदा बोटं बधिर झाली,
ती काखेत धरून उरलेलं तोंडी म्हटलं.

पहाटे साडेतीनला धक्क्यावरून हाक येते,
धनलक्ष्मी, बारा लाद्या!
वही पोत्यामागे सरकवतो,
आकडा घेतो.
पहिली लादी घसरत येते,
काट्यावर चढते,
काटा थरथरतो, पुढं जातो, मागं येतो,
आणि मी हात वर धरून उभा,
तो थांबायची वाट बघत.